एकापासून सारी राष्ट्रे

(शब्बाथ शाळेचे शिक्षक व प्रौढ वर्ग यांच्यासाठी)

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये १७:१६-३४. सोबत वाचावे : उत्पत्ति ९:१८-२७, गणना १२, इफिस २:११-२२.

अरीयपगावरील पौलाचे भाषण आपण वर्गात बहुधा मूर्तिपूजेच्या संदर्भात शिकवतो. अज्ञात देवाची वेदी, हातांनी न बांधलेले मंदिर, मग पुनरुत्थानाची गोष्ट निघताच श्रोत्यांनी केलेली थट्टा, एवढे झाले की तास संपतो. मधले २६ वे वचन घाईत ओलांडले जाते. या खेपेस आपणांस तेथेच थांबावयाचे आहे. कारण या एका वचनाच्या आधारे एका ख्रिस्ती राष्ट्रात माणसांच्या वाटण्या करण्यात आल्या, आणि त्याच वचनाच्या आधारे त्या वाटण्यांना विरोधही झाला.

प्रथम श्रोते कोण होते ते पाहू. अथेनैकरांना आपल्या जन्माचा मोठा अभिमान असे. इतर ग्रीक लोक कोठून तरी येऊन वसले, आम्ही मात्र याच मातीतून उपजलो, असे ते म्हणत. पौलाच्या पाचशे वर्षे आधी, इ. स. पू. ४५१ मध्ये, पेरिक्लीसच्या पुढाकाराने तेथे एक कायदा झाला होता : आई व बाप दोघेही अथेनैचे असतील, तरच मूल नागरिक. म्हणजे घराण्याचा अभिमान कायद्याच्या वहीत उतरला होता. अशा नगरात एक परका यहूदी उभा राहून सांगतो की, देवाने एकापासूनच मनुष्यांची सर्व राष्ट्रे उत्पन्न केली. मूर्तींवरील टीकेपेक्षा हे वाक्य काही कमी झोंबणारे नव्हते. (काही प्रतींत ‘एका रक्तापासून’ असे आहे, अधिक प्राचीन प्रतींत ‘रक्त’ हा शब्द नाही. अर्थ बदलत नाही.)

परंतु वचन तेथे संपत नाही. देवाने राष्ट्रांचे नेमलेले काळ व त्यांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या, असे पुढे आहे. वचनाच्या या दुसऱ्या अर्ध्या भागावर दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चने बोट ठेवले. १९७४ साली त्या चर्चच्या सर्वसाधारण सिनडने वंश, लोकसमूह व राष्ट्र यांविषयी एक मोठा अहवाल संमत केला. बाबेल येथील पांगापांग, अनुवाद ३२:८ आणि हे वचन पुढे ठेवून त्यात असे प्रतिपादन केले होते की, मानवजात एक आहे खरी, पण तिच्यातील निरनिराळे समूह वेगवेगळे असणे हीही देवाची योजना आहे. म्हणून राज्याने त्यांचा वेगवेगळा विकास करणे पवित्र शास्त्राला धरून आहे. या ‘वेगळ्या विकासा’चे दुसरे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे : अपार्थाइड.

ही माणसे शास्त्र न वाचणारी नव्हती. घरोघरी नित्य प्रार्थना होत असे. १९४८ साली जो पक्ष हे धोरण घेऊन सत्तेवर आला, त्याचे पंतप्रधान मलान हे स्वतः पूर्वी पाळक होते. मग असे वाचन त्यांच्या हातून कसे झाले?

मागे जावे लागते. १८२९ साली केप प्रांतातील याच चर्चच्या सिनडपुढे प्रश्न आला की, काळ्या वर्णाच्या सभासदांना गोऱ्यांबरोबर एकाच वेळी प्रभुभोजन द्यावे काय? सिनडने उत्तर दिले की यात वेगळेपणा करता येणार नाही, हे तत्त्व देवाच्या वचनावर उभे आहे. इतके स्पष्ट. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १८५७ साली, तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळीही सिनडने मान्य केले की एकत्र उपासना हेच इष्ट व शास्त्रानुसार आहे. परंतु ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ जेथे ख्रिस्ताच्या कार्याला अडथळा होत असेल, तेथे वेगळ्या इमारतीत वेगळी उपासना करण्यास हरकत नाही. दुर्बलता कोणाची? ज्यांना शेजारी बसणे सहन होत नव्हते त्यांची. १८८१ साली मिश्रवर्णीय सभासदांचे स्वतंत्र मिशन चर्चच स्थापन झाले. आणि १८५७ साली दुर्बलांसाठी दिलेली सवलत १९७४ साली देवाची योजना म्हणून लिहिली गेली.

मला वाटते, या विषयात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे. आधी सोय झाली, सोयीची रीत झाली, रीतीचा कायदा झाला, आणि शेवटी त्या कायद्याला आधार शोधण्यासाठी लोक बायबल घेऊन बसले. जीवशास्त्राकडेही ते असेच गेले.

आता तो कायदा पाहा. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने दक्षिण आफ्रिकेतील प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याचा वंश लिहिणे सक्तीचे केले. गोरा, मिश्रवर्णीय, देशी असे वर्ग होते. आपल्या भारतीय लोकांसाठी पुढे वेगळा पोटवर्ग झाला. मूल कोणत्या शाळेत जाईल, घर कोणत्या वस्तीत घेता येईल, लग्न कोणाशी लावता येईल, हे सगळे त्या एका शब्दावर अवलंबून. मग हा शब्द ठरवावयाचा कसा? रक्त तपासून? मुळीच नाही. मूळ कायद्यात गोऱ्याची व्याख्या अशी होती की, जो दिसावयास उघडपणे गोरा आहे, किंवा ज्याला लोक सामान्यतः गोरा मानतात, तो गोरा. सगळा डोलारा वंशावर, आणि वंश कोणता हे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मतावर! संशय आला तर अधिकारी केसांत पेन्सिल खोचून पाहत. पेन्सिल निसटून पडली तर एक वर्ग, अडकली तर दुसरा. पुनर्वर्गीकरणाचे शेकडो अर्ज होत. एकाच घरातील भावंडे निरनिराळ्या वर्गांत गेल्याची उदाहरणे आहेत. जपानशी व्यापार वाढला तेव्हा जपानी माणसांना गोऱ्यांच्या सवलती मिळाल्या. चिनी माणसांना तसे मिळाले नाही. जीवशास्त्रात याला काय उत्तर आहे?

१९६६ साली एका दहा वर्षांच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून पोलिसांनी घरी नेऊन सोडले. आईबाप दोघेही गोरे म्हणून नोंदलेले. मुलीचा वर्ण सावळा व केस कुरळे निघाले एवढाच तिचा अपराध. सरकारने तिला मिश्रवर्णीय ठरवले. बाप न्यायालयात झगडला. पुढल्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन गोऱ्या आईबापांचे मूल गोरेच, असे ठरले आणि ती पुन्हा गोरी झाली. मुलगी तीच होती.

आता शास्त्रज्ञांकडे वळू. मी प्रचारक माणूस, प्रयोगशाळेतला नव्हे. पण जे सर्वमान्य आहे तेवढे आपल्या शिक्षकांना माहीत असावे. ‘कॉकेशियन’ हा शब्द आपण ऐकतो. तो ब्लूमेनबाख या जर्मन पंडिताने १७९५ साली रूढ केला. त्याच्या संग्रहात कॉकेशस भागातील एका स्त्रीची कवटी होती, ती त्याला सर्वांत सुंदर वाटली. म्हणून गोऱ्यांना हे नाव! मात्र त्याच ब्लूमेनबाखने हेही लिहून ठेवले की मानवजात एकच आहे, आणि एक प्रकार दुसऱ्यात इतका हळूहळू मिसळत जातो की मध्ये रेघ ओढता येत नाही. पुढच्यांनी त्याची नावे घेतली, आणि हा इशारा टाकून दिला.

१९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ लेवोंटिन यांनी रक्तगट व प्रथिने यांवरून मोजणी केली. माणसामाणसांत जेवढा आनुवंशिक फरक आढळतो, त्यातला सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आतला असतो. ज्यांना आपण वंश म्हणतो त्यांच्यामधला फरक निघाला ६ टक्क्यांच्या आसपास. पुढे झालेल्या मोठ्या संशोधनांतही चित्र साधारण असेच राहिले. कातडीचा रंग हा तर फारच फसवा पुरावा आहे. जेथे ऊन प्रखर तेथे पिढ्यान्‌पिढ्या सावळी कातडी टिकली, कारण ती शरीरातील फोलेट या जीवनसत्त्वाचे रक्षण करते; जेथे ऊन कमी तेथे उजळ कातडी उपयोगी पडली, कारण ‘ड’ जीवनसत्त्व तयार होण्यास ऊन आत शिरावे लागते. आफ्रिकेतला माणूस आणि पॅसिफिक महासागरातील मेलानेशियाचा माणूस दिसावयास सारखे काळे. वंशावळीने पाहिले तर एकमेकांपासून फार दूर.

सिकल सेल या रक्तविकाराचे उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. अमेरिकेत पुष्कळ काळ त्याला ‘काळ्यांचा रोग’ म्हणत. पण तो ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानात आहे, आणि आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली, गुजरात, मध्य प्रदेश येथील आदिवासी बांधवांत आहे. याउलट दक्षिण आफ्रिकेतील खोसा लोकांत तो जवळजवळ नाही. कारण हा विकार वंश पाहून चालत नाही, मलेरियाच्या मागून चालतो. ज्याला तो दोष आईबापांपैकी एकाकडूनच मिळाला, त्याचे जीवघेण्या मलेरियापासून काहीसे रक्षण होते. म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत तो टिकून राहिला. २०२३ साली भारत सरकारने मध्य प्रदेशातील शहडोल येथून या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तेथे प्रत्येकाची रक्ततपासणी हाच मार्ग आहे, चेहरा पाहणे हा नव्हे.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर कॉलेजात शिकणारा एखादा विद्यार्थी वर्गात उभा राहून आपणांस अडवील. हजारो जनुकीय खुणा एकत्र घेतल्या, तर एखाद्याचे पूर्वज जगाच्या कोणत्या भागातले होते हे पुष्कळ अंशी ओळखता येते. एडवर्ड्स या इंग्रज शास्त्रज्ञाने २००३ साली लेवोंटिन यांच्यावर हाच आक्षेप घेतला, आणि तो गणिताच्या दृष्टीने बरोबर आहे. परंतु आजोबा कोठले हे कळले म्हणजे नातवाची योग्यता कळली असे होत नाही. एक पाऊल पुढे जाऊन समजा की, उद्या दोन समूहांच्या एखाद्या गुणाच्या सरासरीत खरोखरच थोडा फरक सापडला. मग त्यांतील एका मुलाला शाळेबाहेर ठेवण्याचा अधिकार कोणाला मिळतो काय? सरासरी कोणाच्याही पोटी जन्मत नाही. जन्मते ते मूल. आपण सर्व समान आहोत हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले म्हणून समान वागवावयाचे असेल, तर उद्या नवा प्रयोग निघाला की ती समानता डळमळेल. पौलाने ती प्रयोगावर उभी केलेली नाही. आपण देवाचे वंशज आहोत, असे २९ व्या वचनात तो म्हणतो, आणि तेही मूर्तिपूजक श्रोत्यांना उद्देशून, त्यांच्याच कवीचा दाखला देऊन.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर मूत्रपिंडाची गोष्ट ऐका. रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंड किती काम करते याचा अंदाज काढतात. अमेरिकेत २००९ पासून वापरात असलेल्या सूत्रात रोगी काळा असेल तर येणाऱ्या आकड्याला १.१५९ ने गुणत. मूत्रपिंड बदलण्याच्या यादीत प्रतीक्षेचा काळ मोजला जावा यासाठी आकडा २० किंवा त्याखाली यावा लागतो. समजा दोन रोग्यांचा आकडा १८ आला. गोरा रोगी यादीत गेला. काळ्याच्या १८ चे गुणाकाराने जवळजवळ २१ झाले. तो बाहेर थांबला. रक्त सारखे, आजार सारखा, फक्त कागदावरचा एक शब्द वेगळा. २०२१ साली वंश वगळून नवे सूत्र आले, आणि २०२३ पासून तेथील रुग्णालयांना असा तोटा झालेल्या रोग्यांचा प्रतीक्षाकाळ दुरुस्त करून देणे भाग पडले. यात कोणा डॉक्टरच्या मनात द्वेष होता असे म्हणण्याची गरज नाही. सूत्र सोयीचे होते आणि कोणी विचारले नाही.

येथे एक अवघड प्रश्न उरतो आणि तो आपल्या अंगणातला आहे. वंश जर जीवशास्त्रात उभा राहत नाही, तर सरकारने तो विचारावाच कशाला? सगळे रकाने पुसून टाका, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. दक्षिण आफ्रिकेत नोंदणीचा कायदा १९९१ साली रद्द झाला. तरीही १९९८ च्या नोकरीविषयक समता कायद्यात काळे, मिश्रवर्णीय, भारतीय हे शब्द राहिले. कारण १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य काळ्यांसाठी देशातील सुमारे ७ टक्केच जमीन ठेवली होती. १९३६ नंतर मर्यादा १३ टक्क्यांच्या आसपास गेली. रेघ खोटी होती. पण रेघेच्या पलीकडे ज्यांना हाकलले त्यांची गरिबी खरी होती. भरपाई करावयाची तर ती रेघ कोठून गेली होती हे पाहावेच लागते.

याच देशातील डर्बन शहरी २००१ साली वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तेव्हा दलित संघटनांनी तेथे जातीचा प्रश्न नेला. भारत सरकारचे म्हणणे असे की जात म्हणजे वंश नव्हे. जीवशास्त्र म्हणून ते बरोबरच होते! रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकांची मापे घेऊन जातींची वांशिक उतरंड लावण्याचा प्रयत्न केला होता, आणि १९०१ च्या जनगणनेचा तो प्रमुख होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलना’वरील आपल्या निबंधात हा विचार खोडून काढला, पंजाबचा ब्राह्मण व पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, असे त्यांनी दाखवले. १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात त्यांनी नाकांच्याच मापांचा आधार घेऊन अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत असे मांडले. अलीकडच्या जनुकशास्त्रानेही, साधारण १९०० ते ४२०० वर्षांपूर्वी भारतातील बहुतेक सर्व समूह आपसांत मिसळले होते आणि पुढे लग्ने जातीतच होऊ लागली, असे दाखवले आहे. परंतु वंश नाही म्हणून अन्याय नाही, असे बाबासाहेब कधी म्हणाले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ च्या करारात वंशभेदाच्या व्याख्येत ‘जन्मकूळ’ या अर्थाचा शब्द आहे, आणि तो घालावा ही सूचना भारताचीच होती, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

आपल्या मंडळ्यांनाही हे लागू आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी आयोग नेमण्यात आला. सरकारकडे आपण सांगतो की बाप्तिस्म्याने गरिबी व हिणवणे धुऊन जात नाही. ते खरे आहे. पण सोयरीक ठरवताना ‘तुमचे मूळचे कोण?’ हा प्रश्न आपल्याच घरांत खालच्या आवाजात विचारला जातो, त्याचे काय? दिल्लीत जे गाऱ्हाणे न्यावयाचे, ते आधी आपल्या बैठकीच्या खोलीतही वाचले पाहिजे.

शिक्षकांसाठी थोडे. हामाच्या शापाची गोष्ट मुले विचारतात, कारण अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थनार्थ ती वापरली गेली. उत्पत्ति ९ वर्गात मोठ्याने वाचून घ्यावे आणि विचारावे : शाप कोणाला दिला? हामाला नव्हे, कनानाला. देणारा कोण? नोहा; देव तेथे बोलत नाही. रंगाचा उल्लेख कोठे आहे? नाही. कूश हा हामाचा दुसरा मुलगा, त्याचे नाव शापात येतच नाही. नंतर गणना १२ घ्यावे. मोशेने कूशी बायको केली म्हणून मिर्याम व अहरोन कुरकुर करतात. देवाचा राग कोणावर होतो, हे मुलांनाच शोधू द्यावे. प्रे. कृत्ये १३:१ मध्ये अंत्युखियाच्या शिक्षकांत ‘निग्र’ म्हटलेला शिमोन आहे. निग्र म्हणजे काळा. पौलाला ज्यांनी हात ठेवून पाठवले त्या मंडळीतला हा पुढारी.

मोठ्यांच्या वर्गात १७:२६ नंतर २७ वे वचन सोडू नये. काळ व सीमा ठरवण्याचा हेतू तेथे दिला आहे : मनुष्यांनी देवाचा शोध करावा. एकमेकांपासून दूर राहावे असे तेथे नाही. १९७४ च्या अहवालाने याच वचनावर हवे तितके वजन दिले नाही, असे माझे मत आहे. त्या चर्चमधील बायर्स नॉडे या पाळकांनी १९६३ सालीच आपले पद सोडून या धोरणाविरुद्ध उभे राहणे पत्करले होते. १९७७ पासून सात वर्षे सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. १९८२ साली ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघाने अपार्थाइडचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड ठरवले. त्याच वर्षी, १८८१ साली वेगळ्या काढलेल्या त्या मिश्रवर्णीय मिशन चर्चने बेल्हार येथे आपला विश्वासाचा अंगीकार तयार केला आणि १९८६ साली तो स्वीकारला. मुख्य विषय तीन : ऐक्य, समेट, न्याय. ज्यांना मेजावरून उठवले होते, त्यांच्याच लेखणीतून तो आला. १९९० च्या नोव्हेंबरात रस्टेनबर्ग येथील परिषदेत गोऱ्यांच्या चर्चमधील प्राध्यापक विली योंकर यांनी स्वतःच्या व आपल्या चर्चच्या पापाची उघड कबुली दिली. १९९४ साली मिशन चर्च व काळ्यांचे चर्च एक झाले, आणि बेल्हारचा अंगीकार त्या संयुक्त चर्चच्या श्रद्धेचा भाग झाला. गोऱ्यांच्या चर्चशी ऐक्याची बोलणी त्यानंतरही वर्षानुवर्षे चालली, आणि अडचण वारंवार येई ती याच अंगीकारावर सही करण्याची. वर्गात वेळ उरला, तर १८२९ व १८५७ चे दोन ठराव फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत, आणि मधल्या अठ्ठावीस वर्षांत त्या मंडळ्यांतून काय काय घडले असेल याची चर्चा घ्यावी.